जाहिरात समोर ठेवून रेझ्युमे कसा लिहावा: पहिल्या वाचनापासून पाठवण्यापर्यंत

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातली क्वालिटीची जागा, सिन्नरची मेंटेनन्सची जागा आणि कॉलेज रोडवरच्या ऑफिसातली अकाउंट्सची जागा, या तिन्ही ठिकाणी एकच फाइल जाते. जाहिरात दिसली की जुनी फाइल उघडायची, वरचं पद बदलायचं आणि पाठवून मोकळं व्हायचं, अशी सवयच पडली आहे. फोन आला नाही की दोष अनुभवाला दिला जातो. अनुभव बहुतेकांकडे पुरेसा असतो. जाहिरातीत जे विचारलं आहे त्याचं उत्तर म्हणून तो लिहिलेला नसतो, एवढंच.

चूक क्रमात आहे. लोक जुन्या फाइलपासून सुरुवात करतात आणि जाहिरातीकडे शेवटी वळतात. आधी जाहिरात, मग पुरावे, मग कामाच्या ओळी, मग मांडणी, आणि सगळ्यात वरचा परिच्छेद सगळ्यात शेवटी, असा क्रम धरला तर तोच माणूस, तोच अनुभव कागदावर वेगळा दिसतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना जाहिरात शेवटपर्यंत सोबत ठेवू. ती इथल्यापुरती बनवलेली आहे, पण नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या जाहिराती साधारण अशाच असतात:

"क्वालिटी इन्स्पेक्टर हवेत. ठिकाण अंबड. डिप्लोमा मेकॅनिकल. मशीनिंगमध्ये १ ते ३ वर्षे अनुभव. इनप्रोसेस व फायनल इन्स्पेक्शन. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज हाताळता येणे आवश्यक. ड्रॉइंग वाचन व जीडी अँड टी. आयएटीएफ १६९४९ ची माहिती. ग्राहकाच्या तक्रारींवर ८डी रिपोर्ट करता येत असल्यास प्राधान्य. तिन्ही पाळ्यांत कामाची तयारी."

यातले शब्द थोडक्यात: इनप्रोसेस म्हणजे काम चालू असतानाची तपासणी. बोअर गेज भोकाचा आतला व्यास मोजतो. जीडी अँड टी म्हणजे आकार आणि स्थितीत किती फरक चालेल ते सांगणारी ड्रॉइंगवरची चिन्हं. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक. ८डी म्हणजे तक्रारीचं मूळ शोधून ती मिटवण्याची आठ पायऱ्यांची पद्धत.

आपला उमेदवार सातपूरच्या एका लहान मशीनिंग शॉपमध्ये दोन वर्षं आहे. डिप्लोमा झालेला आहे. हुद्दा कागदावर 'ट्रेनी इंजिनियर', प्रत्यक्ष काम बहुतेक तपासणीचं.

## तयारी: कामाची वही

रेझ्युमेच्या आधी एक वही किंवा साधी फाइल तयार करा. ती कुणालाही पाठवायची नाही. तिच्यात सगळं असतं, आणि प्रत्येक रेझ्युमे तिच्यातून निवडून काढायचा असतो. ही वही नसली की माणूस आठवणीवर लिहितो, आणि आठवणीवर लिहिलं की 'सर्व प्रकारची कामे केली' अशी वाक्यं येतात.

वहीत आधी कागदांवरच्या गोष्टी उतरवा. नेमणूक पत्रावरचा हुद्दा जसाच्या तसा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, गुणपत्रिकेवरचे गुण, प्रमाणपत्रांची नावं. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएनने, म्हणजे निधीच्या तुमच्या कायमच्या क्रमांकाने, लॉगिन करून सेवा इतिहास बघा. तिथे प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख दिसते. मोठ्या कंपन्या नेमणुकीपूर्वी पडताळणी करतात तेव्हा याच तारखा ताडून पाहिल्या जातात. तुमच्या रेझ्युमेत जून आणि तिथे सप्टेंबर असेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. कंत्राटदाराच्या पे-रोलवर काम केलं असेल तर कंत्राटदाराचं नाव आणि प्रत्यक्ष कामाचा कारखाना, दोन्ही लिहून ठेवा.

मग काम. एका पाळीत काय काय करता ते घड्याळाच्या क्रमाने लिहा: आल्यावर पहिलं काय, मशीन सुरू झाल्यावर काय, पाळी बदलताना काय. कोणती मशीन, कोणती साधनं, किती पार्ट नंबर, पाळीला साधारण किती पीस, कोणते रजिस्टर तुम्ही भरता, बिघाड झाला तर तुम्हाला कोण बोलावतं. काही सुधारलं असेल तर आधी किती होतं आणि नंतर किती, हेही. आकडे ऑफिसातून चोरून आणायचे नाहीत. ग्राहकाची ड्रॉइंग, दर, पार्टची गुप्त माहिती रेझ्युमेत कधीच येता कामा नये. तुमच्या स्वतःच्या कामाचं मोजमाप मात्र तुमचंच आहे.

तपासा: वहीत किमान दहा तरी अशा ओळी आहेत का, ज्यांत एखादा आकडा, मशीनचं नाव किंवा कागदपत्राचं नाव आहे? नसतील तर पुढे जाऊ नका. दोन-तीन दिवस कामावर असतानाच रोज संध्याकाळी नोंद करा.

## टप्पा १: जाहिरात तीनदा वाचा

जाहिरात छापून घ्या किंवा कागदावर उतरवून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर वाचून डोक्यात ठेवलेली जाहिरात अर्धीच राहते.

पहिल्या वाचनात अटी शोधा. 'आवश्यक', 'किमान', 'अनिवार्य' असे शब्द जिथे आहेत ते अधोरेखित करा. आपल्या नमुन्यात डिप्लोमा, १ ते ३ वर्षे, मोजमापाची चार साधनं आणि पाळ्या या अटी आहेत. दुसऱ्या वाचनात रोजचं काम शोधा: इनप्रोसेस तपासणी, फायनल तपासणी, ड्रॉइंग वाचन. तिसऱ्या वाचनात 'प्राधान्य' म्हणून काय लिहिलंय ते बघा. इथे ८डी. आयएटीएफची 'माहिती' हवी म्हणजे तिथे तज्ज्ञ नको आहे. ऑडिटच्या वेळी गोंधळणार नाही असा माणूस हवा आहे. शब्दांतला हा फरक धरून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली तर तिथे खूण करा. ती त्यांची अडचण असते. जाहिरात लिहिणारा सहसा घाईत असतो, पण जे दुखतंय ते त्याच्याकडून दोनदा लिहिलं जातं.

मग कंपनीची वेबसाइट उघडा. ती काय बनवते, कुणाला पुरवते, कोणती प्रमाणपत्रं आहेत एवढं पाहिलं तरी पुरे. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आणि इलेक्ट्रिकल स्विचगिअर बनवणारी कंपनी, दोघी 'क्वालिटी इन्स्पेक्टर'च मागतात. पण पहिलीला बोअरचं माप घेणारा हात हवा असतो, दुसरीला टेस्टिंगची आणि पॅनल वायरिंगची जाण. जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

इशारा: नोंदणी, मुलाखत किंवा 'गेट पास' यासाठी कुणी पैसे मागितले तर रेझ्युमे पाठवू नका. चांगली कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कंपनीचं नाव न सांगता आधार आणि बँक खात्याचे तपशील मागणाऱ्यालाही हेच उत्तर.

## टप्पा २: अट आणि पुरावा समोरासमोर

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जाहिरातीतली प्रत्येक मागणी एका ओळीत लिहा. उजवीकडे वहीतून तिचा पुरावा. पुरावा म्हणजे 'येतं' हा शब्द नव्हे. कुठे, कशावर, किती वेळा केलं, ते लिहायचं.

आपल्या उमेदवाराचा कागद असा दिसेल. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर: रोज वापरतो, पूर्ण. बोअर गेज: रोज वापरतो, मास्टरवर (प्रमाण मापाच्या नमुन्यावर) सेटिंग स्वतः करतो, पूर्ण. हाइट गेज: आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्ण. ड्रॉइंग वाचन: सहा पार्ट नंबर, पूर्ण. जीडी अँड टी: रनआउट (फिरताना होणारं डोलणं) आणि पर्पेंडिक्युलॅरिटी (काटकोन) तपासतो, बाकीची चिन्हं ओळखतो, अर्धं. आयएटीएफ: ऑडिटच्या वेळी इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि कॅलिब्रेशन रेकॉर्ड काढून दिले, अर्धं. ८डी: स्वतः लिहिला नाही, पण एका तक्रारीत मोजमापाची माहिती गोळा करून दिली, अर्धं. पाळ्या: तयारी आहे.

आता ठरवा, अर्ज करायचा की नाही. शिक्षणाची किंवा परवान्याची अट पूर्ण होत नसेल तर वेळ घालवू नका. वायरमनची जागा परवान्याशिवाय मिळत नाही, कितीही सुंदर लिहिलं तरी. अटी पूर्ण आहेत आणि फक्त 'प्राधान्य' रिकामं आहे, तर बिनधास्त करा. अनुभव दोन वर्षं मागितलाय आणि तुमचा दीड वर्षाचा आहे, तरीही करा, फक्त दीडचे दोन करू नका.

'अर्धं' लिहिलेल्या गोष्टींवर सर्वाधिक चुका होतात. काही जण त्या गाळून टाकतात, काही जण पूर्ण म्हणून लिहितात. दोन्ही नुकसानीचं आहे. जेवढं केलं तेवढं लिहा: '८डी प्रक्रियेत मोजमापाची माहिती संकलित केली'. वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस त्या टेबलावर बसलेला आहे. 'सीएमएम प्रोग्रामिंग' (सीएमएम म्हणजे संगणकावर चालणारं मोजमापाचं मशीन) लिहिलं आणि मुलाखतीला थेट सीएमएमसमोर उभं केलं, तर तिथे सावरता येत नाही. इन्स्पेक्टरच्या मुलाखतीत हातात व्हर्नियर आणि एखादा जॉब देऊन माप सांगायला लावणं, लीस्ट काउंट, म्हणजे साधन मोजू शकतं ते सर्वांत लहान माप, विचारणं हे नेहमीचं आहे.

तपासा: डावीकडच्या प्रत्येक अटीसमोर काहीतरी लिहिलेलं आहे का? रिकामी जागा असेल तर ती रेझ्युमेत झाकायची नाही. मुलाखतीत विचारलं तर काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

## टप्पा ३: कामाच्या ओळी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीचं सगळं मिळून जेवढा वेळ लागेल तेवढा या एका टप्प्याला लागला तरी चालेल.

नाशिकमधल्या बहुतेक खासगी नोकऱ्यांसाठी रेझ्युमे इंग्रजीत जातो. तरीही ओळ आधी मराठीत जमवा, मग साध्या इंग्रजीत न्या. मराठीत 'मी गतिमान वातावरणात समन्वयात्मक भूमिका बजावली' असं कुणी बोलत नाही, त्यामुळे ते इंग्रजीतही येत नाही. खालच्या ओळी म्हणूनच मराठीत दिल्या आहेत.

ओळीत चार गोष्टी असाव्यात: काय केलं, कशावर केलं, किती, आणि त्याने काय झालं. चौथी प्रत्येक ओळीत नसेल, पहिल्या तीन हव्यातच.

उमेदवाराची जुनी ओळ: 'क्वालिटी डिपार्टमेंटमधील सर्व कामांची जबाबदारी.'

नवी: 'तीन सीएनसी टर्निंग मशीनवर इनप्रोसेस तपासणी, ६ पार्ट नंबर, पाळीला सुमारे ४०० पीसच्या उत्पादनातून ठरलेल्या अंतराने नमुने घेऊन नोंद.'

दुसरी: 'मायक्रोमीटर, बोअर गेज व हाइट गेजने फायनल तपासणी, बोअर गेजचं मास्टरवर सेटिंग रोज पाळीच्या सुरुवातीला स्वतः.'

तिसरी: 'ग्रूव्हच्या मापातील चढउतार इन्सर्टच्या झिजेशी जोडून दाखवला, ठरावीक पीसनंतर इन्सर्ट बदलणं सुरू झाल्यावर महिन्याचं रिवर्क सुमारे ६० पीसवरून २० च्या आत.'

(इन्सर्ट म्हणजे मशीनवरचं कापणारं बदलतं टोक, रिवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्त करावे लागलेले पीस.) तिसऱ्या ओळीवर मुलाखतीत प्रश्न येणारच. साठ हा आकडा कुठून आणला? उत्तर हवं: रिवर्क रजिस्टरमधून, अमुक तीन महिन्यांच्या नोंदी. उत्तर नसेल तर आकडा काढा, ओळ ठेवा. अंदाजाचा आकडा असेल तर 'सुमारे' लिहा. दशांश चिन्हापर्यंत नेलेला आकडा लहान शॉपमध्ये संशय वाढवतो.

ओळींचा क्रम जाहिरातीचा. जाहिरातीत इनप्रोसेस आधी आहे, तर तुमची पहिली ओळ इनप्रोसेसची. तुम्हाला अभिमान वाटणारं काम तिसरं असेल तर ते तिसऱ्याच जागी राहील. वाचणारा जे शोधतोय ते त्याला पहिल्या दोन ओळींत सापडलं पाहिजे.

शब्दही जाहिरातीचेच वापरा. त्यांनी 'इनप्रोसेस इन्स्पेक्शन' लिहिलं असेल आणि तुमच्या शॉपमध्ये त्याला 'पेट्रोल इन्स्पेक्शन' म्हणत असतील, तर काम तेच असल्याची खात्री करून त्यांचा शब्द घ्या. पहिली चाळणी अनेकदा संगणक करतो किंवा भरतीचं काम करणारी अशी व्यक्ती करते, जिने शॉप फ्लोअरवर काम केलेलं नसतं. दोघेही शब्द जुळवतात.

दोन वेगळी क्षेत्रंही पाहू.

अकाउंट्स. जुनी ओळ: 'टॅली आणि जीएसटीचे ज्ञान.' जाहिरातीत मासिक रिटर्न आणि बँक जुळणी मागितली असेल तर: 'दोन फर्मच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी टॅली प्राइममध्ये, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बीसाठी दरमहा माहिती तयार करणं, तीन बँक खात्यांची महिनाअखेर जुळणी.' रिटर्न तुम्ही भरता की सीए भरतात, हे स्पष्ट असू द्या. 'माहिती तयार करणं' आणि 'दाखल करणं' ही वेगळी कामं आहेत, आणि पहिला प्रश्न तिथेच येतो.

दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातलं द्राक्षांचं पॅकहाऊस. जुनी ओळ: 'पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर म्हणून काम.' निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी सुपरवायझर हवा असेल तर: 'द्राक्ष हंगामात जानेवारी ते एप्रिल, ३० जणांच्या ग्रेडिंग लाइनवर मण्याचा आकार, ब्रिक्स आणि डागांची तपासणी, प्लॉटनिहाय लॉट वेगळे ठेवून ट्रेसेबिलिटीच्या नोंदी, प्रीकूलिंगला जाणाऱ्या मालाच्या वेळेची नोंद.' (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप, ट्रेसेबिलिटी म्हणजे माल कोणत्या प्लॉटचा ते मागे शोधता येणं.) ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीवर, नोंदणीकृत प्लॉटच्या मालाचं काम केलं असेल तर ते नावानिशी लिहा. निर्यातदाराला तो शब्द लगेच दिसतो.

### नवीन असाल तर

पूर्ण वेळ अनुभव नसेल तर अॅप्रेंटिसशिप, इनप्लांट ट्रेनिंग आणि प्रोजेक्ट याच तुमच्या कामाच्या ओळी. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलांची एक ठरलेली चूक: प्रोजेक्टचं फक्त नाव लिहितात. चौघांच्या गटात तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा. 'ड्रिल जिगचं ड्रॉइंग काढलं, दोन भाग लेथवर स्वतः वळवले' हे 'मल्टिपर्पज मशीन' या भारदस्त शीर्षकापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. अॅप्रेंटिसशिपमध्ये विभाग बदलत गेले असतील तर जाहिरातीशी जुळणारा विभाग आधी आणि जास्त ओळींत.

### मध्ये खंड असेल तर

नाशिक जिल्ह्यात हे फार घरांत घडतं: नोकरी सुटली किंवा सोडली, मग वर्षभर घरची बाग सांभाळली. मुलं हा काळ लपवायला आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढतात. तसं करू नका. एका ओळीत सरळ लिहा: 'घरच्या द्राक्षबागेचं व्यवस्थापन', महिना-वर्ष ते महिना-वर्ष. मजुरांचा हिशेब, फवारणीच्या नोंदी, औषधांची खरेदी हे तुम्ही पाहिलं असेल आणि स्टोअर्स किंवा पर्चेसची जागा असेल, तर त्यातली एक ओळ खाली द्या. आजारपण किंवा घरातल्या कुणाची शुश्रूषा असेल तर 'कौटुंबिक कारण' पुरेसं आहे. तपशील देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

तपासा: प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःला विचारा, 'हे जाहिरातीतल्या कोणत्या मागणीचं उत्तर आहे?' उत्तर सापडलं नाही तर ती ओळ वहीत परत ठेवा.

## टप्पा ४: मांडणी

पाच वर्षांपर्यंत अनुभव असेल तर एक पान. त्यापुढे दोन. तिसरं पान लागत असेल तर टप्पा ३ नीट झालेला नाही.

क्रम असा: नाव, मोबाइल, ईमेल, राहण्याचा भाग, मग सारांशाची जागा रिकामी, मग अनुभव, अलीकडची नोकरी आधी, मग कौशल्यं, मग शिक्षण. नवीन उमेदवाराने शिक्षण वर आणावं. सीजीपीए आणि टक्के यांची सरमिसळ करू नका. गुणपत्रिकेवर जे आहे ते लिहा. जाहिरातीत टक्के मागितले असतील तर तुमच्या विद्यापीठाने दिलेल्या सूत्रानेच बदला.

कौशल्यं एकापुढे एक ओतू नका, गट करा. मोजमाप साधनं, कागदपत्रं आणि पद्धती, सॉफ्टवेअर, असे दोन-तीन गट पुरे. 'एमएस ऑफिस' ऐवजी एक्सेलमध्ये नेमकं काय करता ते लिहा: पिव्होट, व्हीलूकअप, रिजेक्शनचा पॅरेटो (नाकारलेल्या मालाची कारणं जास्तीपासून कमीपर्यंत लावलेला तक्ता).

झेरॉक्स किंवा सायबरच्या दुकानात मिळणारे तयार फॉरमॅट आणि मोबाइल अॅपवरची रंगीत टेम्पलेट्स टाळा. त्यांत दोन रकाने, चौकटी, कौशल्याच्या पट्ट्या, बाजूला फोटो असं सगळं असतं. माणसाला ते गजबजलेलं वाटतं आणि भरतीच्या सॉफ्टवेअरला त्यातला मजकूर नीट उचलता येत नाही. एकच रकाना, साधा फाँट, १०.५ किंवा ११ आकार, पांढरा कागद. फोटो मागितला नसेल तर नको.

तपासा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी क्रमाने आल्या तर ठीक. अनुभवाच्या मध्येच शिक्षण घुसलं तर मांडणी बदला. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेलं चित्र आहे. प्रिंट काढून परत स्कॅन करणाऱ्यांचं हमखास असं होतं. मूळ वर्ड फाइलमधूनच पीडीएफ बनवा.

## टप्पा ५: वरचा सारांश

आता रिकामी ठेवलेली जागा भरा. दोन-तीन ओळी. 'नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे' हे वाक्य काढून टाका. ते तुमच्या इच्छेबद्दल आहे आणि सगळ्यांच्या फाइलमध्ये आहे.

आपल्या उमेदवाराचा सारांश: 'डिप्लोमा मेकॅनिकल, सीएनसी मशीनिंगमध्ये इनप्रोसेस व फायनल तपासणीचा २ वर्षांचा अनुभव. बोअर गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियरचा रोजचा वापर, हाइट गेजचाही नियमित वापर. रनआउट व पर्पेंडिक्युलॅरिटीची तपासणी. तिन्ही पाळ्यांत काम करण्याची तयारी, वास्तव्य सिडको.'

यात नवीन काहीच नाही. टप्पा २ च्या कागदावरच्या सगळ्यात ठाम चार गोष्टी उचलल्या आहेत. हुद्दा 'ट्रेनी इंजिनियर' असताना सारांशात स्वतःला 'क्वालिटी इंजिनियर' म्हणवलेलं नाही. काम लिहिलं आहे. हुद्दा अनुभवाच्या भागात नेमणूक पत्राप्रमाणेच राहील.

## टप्पा ६: काय काढायचं

वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची-वजन, आधार आणि पॅन क्रमांक, छंद, 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र, सही. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत यातलं काहीही लागत नाही. आधार क्रमांक तर मुळीच नको. तुमची फाइल किती जणांच्या व्हॉट्सअॅपवर फिरेल ते तुमच्या हातात नसतं.

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या जागांचं वेगळं आहे. ओझरचं एचएएल किंवा नाशिकरोडची करन्सी नोट प्रेस अशा ठिकाणी जाहिरातीत अर्जाची पद्धत ठरवून दिलेली असते. फोटो, प्रवर्ग, जन्मतारीख, प्रमाणपत्रं जशी मागितली तशीच द्या. तिथे आपली हुशारी चालवायची नाही.

पत्ता पूर्ण नको, भाग पुरे. पण तो लिहाच. गोंदे किंवा सिन्नरच्या कारखान्याला पंचवटीत राहणारा उमेदवार तिसऱ्या पाळीला कसा येणार, हा खरा प्रश्न असतो. कंपनीच्या बसचा मार्ग तुमच्या भागातून जातो हे माहीत असेल किंवा स्वतःची दुचाकी असेल, तर मुलाखतीत ते आपणहून सांगा. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिहा.

## टप्पा ७: पाठवण्यापूर्वीची नजर

एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळी छापील प्रतीवर पेन घेऊन वाचा. मोबाइल क्रमांक आकड्याआकड्याने तपासा, आणि त्या क्रमांकावर दुसऱ्या फोनवरून एक फोन लावून बघा. ईमेल पत्ता साधा, तुमच्या नावाचा असावा. कंपनीचं नाव कुठे आलं असेल तर ते याच कंपनीचं आहे ना? जुन्या फाइलमधून राहून गेलेलं दुसऱ्याचं नाव दिसलं की अर्ज तिथेच संपतो.

मग घरातल्या किंवा मित्रांपैकी कुणालातरी, शक्यतो त्या क्षेत्राबाहेरच्याला, कागद अर्धा मिनिट दाखवा आणि काढून घ्या. विचारा: 'मी कोणत्या कामाला अर्ज करतोय?' त्याने 'क्वालिटीत तपासणीचं काम' असं सांगितलं तर वरचा भाग बरोबर आहे. 'इंजिनियरिंगचं काहीतरी' असं उत्तर आलं तर टप्पा ५ परत करा.

## टप्पा ८: पाठवणं

फाइलचं नाव: तुमचं नाव आणि पद. 'न्यू रेझ्युमे फायनल २' अशा नावाच्या फाइली भरती करणाऱ्याच्या संगणकावर पुष्कळ असतात, त्यांत तुमची सापडत नाही.

ईमेल असेल तर विषयात पद आणि ठिकाण, जाहिरातीत संदर्भ क्रमांक असेल तर तोही. मजकूर चार-पाच ओळींचा: कोणत्या जागेसाठी, कुठली जाहिरात पाहून, तुमच्या दोन सगळ्यात जुळणाऱ्या गोष्टी, रुजू व्हायला किती दिवस लागतील, मोबाइल क्रमांक. मजकूर कोरा ठेवून नुसती फाइल जोडू नका. एकाच ईमेलमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते टाकून पाठवणं तर सर्वांत वाईट. प्रत्येकाला बाकीचे एकोणीस दिसतात.

लहान कारखाने आणि प्लेसमेंटवाले व्हॉट्सअॅप क्रमांक देतात. तिथे पीडीएफच पाठवा, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. आधी दोन ओळी लिहा, मग फाइल. 'हाय' पाठवून उत्तराची वाट पाहू नका. रात्री उशिरा पाठवू नका. तुमच्या व्हॉट्सअॅपचा प्रोफाइल फोटोही तेव्हा दिसतो, हे लक्षात असू द्या.

नोकरीच्या पोर्टलवर फाइल चढवली की काम संपत नाही. तिथले रकाने, म्हणजे सध्याचा हुद्दा, अनुभवाचे महिने, कौशल्यं, फाइलशी जुळते करा. भरती करणारा शोध घेतो तो अनेकदा या रकान्यांवर, फाइल नंतर उघडतो. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव असेल तर तिथली माहितीही अशीच ताजी ठेवा.

थेट मुलाखतीला गेटवर जायचं असेल तर दोन-तीन स्वच्छ प्रती, मूळ प्रमाणपत्रं वेगळ्या फोल्डरमध्ये आणि तुम्ही खुणा केलेली जाहिरात सोबत ठेवा. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स रेझ्युमेला टाचू नका, मागितल्यावर द्या.

नोंद ठेवा: तारीख, कंपनी, पद, कुठली फाइल पाठवली, जाहिरातीची प्रत. हे नसेल तर तीन आठवड्यांनी फोन येतो आणि तुम्ही विचारता, 'कोणती कंपनी?' आठवड्याभरात काही कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा. पुन्हा पुन्हा विचारू नका.

## पुढच्या जाहिरातीला किती बदलायचं

दर वेळी सगळं नव्याने लिहावं लागत नाही. तारखा, हुद्दे, शिक्षण, कंपन्यांची नावं कधीच बदलत नाहीत. एकाच माणसाच्या दोन रेझ्युमेत या गोष्टी वेगळ्या दिसल्या तर ती खोटी माहिती ठरते, आणि नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत भरती करणारे लोक एकमेकांना ओळखतात.

बदलतं ते इतकंच: सारांश, अनुभवातल्या ओळींची निवड आणि क्रम, कौशल्यांच्या गटांचा क्रम. आपल्या उमेदवाराला उद्या सातपूरला 'कॅलिब्रेशन असिस्टंट'ची जागा दिसली, तर बोअर गेजच्या सेटिंगची ओळ पहिली येईल. कॅलिब्रेशन रेकॉर्ड ऑडिटला काढून दिल्याची ओळ वहीतून वर येईल. रिवर्क कमी केल्याची ओळ, जी त्याला सगळ्यात आवडते, ती खाली जाईल किंवा जागा नसेल तर निघेल. तो पुन्हा टप्पा १ पासून जाईल, पण या वेळी वही तयार असल्यामुळे एका संध्याकाळचं काम असेल.